ज्यादा तासांचे पैसे घ्यावे की बदली सुट्टी? (जिनिंगमधला प्रश्न)

फेज_न्यूट्रल
जय गजानन मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना) मी इलेक्ट्रिशियन आहे. बारमाही माणूस, म्हणजे सीझन संपला की बाकी सगळे घरी जातात, मी, फिटर, चौकीदार आणि ऑफिसातले एकदोघे राहतो. आजवर पद्धत अशी होती की दिवाळीनंतर कापूस यायला लागला की बारा तास ड्युटी, वरच्या चार तासांचे पैसे साध्या दरानं, दुप्पट बिप्पट काही नाही, पण बाजाराच्या दिवशी रोख हातात. यंदा मॅनेजरनं सांगून टाकलं की ओव्हरटाईम बंद. ज्यादा तास वहीत लिहायचे, आठ तास भरले की एक सुट्टी जमा, आणि त्या सुट्ट्या सीझन संपल्यावर घ्यायच्या.

फिटर म्हणतो साफ नाही म्हण. माझं मन थोडं वेगळं सांगते कारण घरी पाच एकर कोरडवाहू आहे आणि दरवर्षी जूनमध्ये पेरणीला माझे खाडे पडतात, बिनपगारी. पगारी सुट्ट्या जमा असल्या तर पेरणी निघेल, पहिलं डवरणं निघेल, वरून पगारही सुरू. तुमच्याकडं काय चालते? कोणी अशा सुट्ट्या जमा करून खरंच घेतल्या का, की पैसेच बरे?

धुऱ्यावरचा
पैसे घे भाऊ. सुट्टीवर किराणा भेटत नाही.

जुना_जिनवाला
मी वर्धा जिल्ह्यात एका जिनमध्ये प्रेसवर होतो, आता सोडलं. तिथं असंच सुरू केलं होतं. वही मॅनेजरजवळ, पेन मॅनेजरजवळ, आपण फक्त सांगायचं की बाप्पा आज चार तास लिहा. मार्चात कापूस आटला, मॅनेजर दुसऱ्या गावी लागला, नवा आला त्याले इचारलं तर म्हणे कोणती वही? मालक म्हणे मी तर कोणाले असं काही बोललोच नाही. आमच्या सगळ्या प्रेसवाल्याईच्या सुट्ट्या गठाणीत बांधून गेल्या.

अन् एक सांग, सीझनच्या मजुराले 'सीझन संपल्यावर सुट्टी घे' म्हणजे काय? गेट बंद झाल्यावर त्याले सुट्टीच सुट्टी हाय. तू बारमाही म्हणून तुले हा प्रश्न तरी पडला. रेच्यावरच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवरच्या, बायाईले कोणी इचारलं का?

फेज_न्यूट्रल
@जुना_जिनवाला रेच्यावर सगळं ठेकेदाराकडून आहे, हजेरी मुकादमाजवळ. त्यांना सुट्टी पण नाही, ज्यादाचे पैसे पण नाही. बारा तासांची एकच रोजी ठरलेली.

हिशोबनीस
मी पगारपत्रकं करतो, भंडारा-गोंदियाकडच्या काही राईस मिल आणि दुकानं आहेत माझ्याकडं. इथं दोन गोष्टींची खिचडी होऊन राहिली आहे, आधी ती वेगळी करू.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं तर त्याच्या बदल्यात दुसरी सुट्टी द्यायची, हे कायद्यातच आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ५२ आणि ५३ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे कामगार कोड लागू झाले, त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडातही तेच आहे. ज्या महिन्यात सुट्टी बुडाली त्या महिन्यात, नाहीतर त्यापुढच्या दोन महिन्यांत बदली सुट्टी.

पण आठवड्याचे ४८ तास भरल्यावर जे काम होते तिथं सुट्टीचा विषयच नाही. तिथं पैसे, आणि तेही दुप्पट. जुन्यात कलम ५९ होतं, नव्यातही दुप्पटच ठेवलं आहे, वरून कामगाराची संमती पाहिजे असंही लिहिलं आहे. तुमचा मॅनेजर बुडालेल्या रविवारचं औषध रोजच्या चार तासांना लावून राहिला आहे.

आता हिशोब. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००. भागिले २६, रोज पडला ६००. भागिले ८, तासाला ७५. दुप्पट १५०. रोज चार तास ज्यादा म्हणजे ६०० रुपये, आणखी एक पूर्ण रोजी. आणि सुट्टीच्या हिशोबात त्याच चार तासांची अर्धी सुट्टी, म्हणजे ३००. अर्धे पैसे न बोलता गेले. काही ठिकाणी २६ ऐवजी ३० नं भागतात, तिकडंही लक्ष असू द्या.

अजून एक. ज्यादा तासांना तिमाहीची मर्यादा असते. महाराष्ट्रात ती ११५ तास होती, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १४४ करायला मान्यता दिली. रोज चार तास आणि महिन्याचे २६ दिवस धरा, १०४ झाले. दुसऱ्या महिन्यातच मर्यादा पार. ओव्हरटाईम पगारपत्रकात दाखवला की हे उघडं पडते, वहीतली सुट्टी कोणालाच दिसत नाही. यंदाच ही कल्पना का सुचली त्याचं कारण मला तरी यातच दिसते.

चना_पोहा
हिशोबनीस भाऊ फी किती झाली? धाग्यावर वर्गणी काढू.

डाळमिल_शेठ
मालकाला शिव्या घालून झाल्या असतील तर माझंही ऐका थोडं. अकोल्याकडं छोटी डाळ मिल आहे माझी. तूर आली की तीन-चार महिने मिल थांबवता येत नाही, थांबवली तर माल पडून, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी, बँकेचं व्याज सुरू, आणि विजेचा डिमांड चार्ज तर मिल बंद असली तरी लागतोच. नंतर पावसाळ्यात माणसं अर्धा दिवस पत्ते खेळत बसतात, तेव्हाचा पगार मी कापतो का? मग हंगामात तास जास्त आणि बिनहंगामात तास कमी, यात एवढं वाईट काय आहे ते सांगा. माझ्याकडच्या बहुतेक माणसांनी सुट्टीच मागितली, कारण प्रत्येकाचं वावर आहे. दुप्पट पैसे वाचायला छान वाटते, आमच्यासारख्यानं दिले तर पुढच्या हंगामात मिलला कुलूप.

जुना_जिनवाला
शेठ तुमची वही कोणाजवळ असते?

डाळमिल_शेठ
दोन वह्या. एक माणसाजवळ, एक माझ्याजवळ, दर रविवारी दोन्हीवर दोघांच्या सह्या. दुप्पट देत नाही हे खरं आहे. लपवत पण नाही.

हिशोबनीस
सही केल्यानं एकाचे दोन होत नाहीत शेठ. नव्या कोडात वीज वापरणाऱ्या कारखान्याची पायरी १० माणसांवरून २० वर गेली, त्यामुळं लहान मिलला बाकी काही नियमांतून सूट भेटू शकते, पण दुप्पट ओव्हरटाईम त्या चारातल्याच वेतन कोडातही आहे, तो तसा सुटत नाही. दोन वह्यांची पद्धत मात्र चांगली, ती मान्य.

वणी_कोळसा
आमच्या खाणीत उलटं आहे. रविवारी कामावर लावा म्हणून लोक भांडतात, कारण संडेचा पैसा जास्त. याला संडे भेटला मला का नाही, यावर युनियनमध्ये दोन गट पडले. जुन्या माईन्स ॲक्ट १९५२ मध्ये पण बदली विश्रांतीचा दिवस लिहिलेला होता पण एकदा पैशाची चटक लागली की विश्रांतीचं नाव कोण काढते.

माझा मोठा भाऊ डंपरवर होता. संडे सोडणं म्हणजे त्याला पाप वाटे. घर झालं, पोट्टे शिकले, एकाचं इंजिनिअरिंग झालं, सगळं त्या पैशातूनच. रिटायर झाला तेव्हा कमरेला पट्टा होता आणि आता अर्धा तास खाटेवर सरळ बसवत नाही. तो म्हणतो परत तेच करीन. वहिनी म्हणते नको. मी आपला मधला मार्ग धरला आहे, महिन्यातले मोजके संडे घेतो, बायको खुश, सोसायटीचा हप्ता नाखुश.

खाकी_बिल्ला
पैसे की सुट्टी म्हणून तुमच्यात भांडण तरी होते, आमच्या पोलिसात ओव्हरटाईम नावाचा प्रकारच नाही. साप्ताहिक सुट्टी फळ्यावर खडूनं लिहिलेली असते, सकाळी फोन येतो आणि खडू पुसला जातो. गणपती, देवी, दीक्षाभूमीचा बंदोबस्त, तो संपला की डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, तिथं तर आमच्या तालुक्यातून गाड्या भरून नेतात, झोपायला मंगल कार्यालय. बुडालेल्या सुट्टीबद्दल साहेबाला विचारलं तर साहेब म्हणतो माझीच बुडाली.

सिस्टर_ग्रामीण
आमच्या दवाखान्यात ऑफ जमा होतात, रजिस्टर आहे, इनचार्ज सिस्टर एकदम प्रामाणिक, एक ऑफ इकडचा तिकडं होत नाही. प्रश्न घ्यायला गेल्यावर येतो. रिलिव्हर नाही. 'तुम्ही ऑफवर गेल्या तर लेबर रूम कोण पाहणार?' आता हे मला विचारायचं का. मागं महालक्ष्म्यांना ऑफ मागितला, मिळाला पण, दुपारी आंबील चुलीवर, पुरणाची परात हातात, सवाष्णी जेवायला बसायच्या होत्या आणि दारात ॲम्ब्युलन्स न्यायला. सासूबाईंनी पहिल्यांदा मला नाही, ड्रायव्हरला रागावलं. त्याला बिचाऱ्याला पुरणपोळी बांधून दिली आणि निघाले.

फेज भाऊ, तुम्ही एवढंच विचारा मॅनेजरला की मी सुट्टीवर गेलो तर माझ्या जागी कोण? तुमच्या जिनमध्ये दुसरा इलेक्ट्रिशियन आहे का? नसेल तर सुट्टी वहीतच राहते बघा, आणि मालक चांगला असला तरी राहते.

मास्तर_बिनखडूचे
सिस्टरचा प्रतिसाद वाचून पोळा आठवला. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप लावतात, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, शिंगाला रंग, आणि त्या दिवशी औताला हात लावायचा नाही हा गावाचा दंडक. सालदारालाही त्या दिवशी कपडे आणि जेवण. आणि आम्ही शिक्षक त्याच पोळ्याला मतदार यादीचं बाड घेऊन घरोघर. म्हाताऱ्यानं ओट्यावरून विचारलं, मास्तर, बैलाले सुट्टी हाय अन् तुमाले नाई का?

बाकी आमच्यात एक नियम त्यातल्या त्यात बरा आहे. उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत सरकारी कामाला लावलं तर त्या प्रमाणात अर्जित रजा खात्यात जमा होते. ती सेवापुस्तकात चढते म्हणून टिकते. चढवून घ्यायला मात्र कार्यालयाचे खेटे घालावे लागतात, त्याचा एक वेगळा धागा काढावा लागेल.

धुऱ्यावरचा
मास्तर, बैलाईच्या लायनीत उभे रायले असते त झूल तरी भेटली असती.

मूळ_दर्यापूर
वाचतो आहे, मजा येते आहे. सध्या न्यू जर्सीत असतो म्हणून इकडचं सांगतो. इथं १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आहे, आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट. म्हणजे दर आपल्यापेक्षा कमी, आपल्याकडं कागदावर दुप्पट आहे. पण खाजगी कंपनीला ज्या कामगारांना हा कायदा लागू आहे त्यांना ओव्हरटाईमच्या पैशाऐवजी सुट्टी देताच येत नाही. पैसेच द्यावे लागतात. सरकारी खात्यांना १९८५ च्या दुरुस्तीनंतर सुट्टी देता येते, पण एका तासाला दीड तास सुट्टी, आणि जमा किती करायची त्यालाही हद्द आहे, साधारण कर्मचाऱ्याला २४० तास, पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना ४८०. त्यावर गेलं की पैसे. नोकरी सोडली तर शिल्लक सुट्टीचे पैसे. माझा शेजारी काउंटीच्या रस्ते खात्यात आहे, हिवाळ्यात रात्री बर्फ काढायला जातो, सुट्ट्या साठवतो आणि उन्हाळ्यात मासे मारायला निघतो.

खाकी_बिल्ला
४८० तास म्हणजे आमचं गणपती ते देवी. व्हिसा कुठं भेटते?

चना_पोहा
खारपाण पट्ट्यातला माणूस बर्फाच्या गोष्टी सांगून रायला, धन्य आहे.

संपादक
राजकारणावरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा सुट्टीचा आहे, निवडणुकीचा नाही.

बुटीबोरी_बी_शिफ्ट
मी ठेक्यावर आहे. आम्हाला ओव्हरटाईम भेटते पण सिंगल, आणि स्लिपवर त्याचं नाव 'इतर भत्ता'. काही जणांना तर स्लिप पण नाही, पाकीट. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ओव्हरटाईमवर पीएफ कटत नाही हे बरोबर आहे, पण नवे कोड येण्याआधीच्या कायद्यात ईएसआय (कामगार विमा) कटायला पाहिजे होता. २१,००० ची हद्द मोजताना ओव्हरटाईम धरत नव्हते, वर्गणी मात्र त्यावर पण लागायची. लोक म्हणायचे बरं झालं कटलं नाही. अरे पण आजारी पडला तर ७० टक्के भेटते ते कोणत्या पगाराचे? जो कागदावर आहे त्याचे.

आणि फेज भाऊ तुझं काम करंटचं. रात्री तू शिडीवरून पडला, बोटं भाजली, तेव्हा कागदावर तुझी ड्युटी संध्याकाळीच संपलेली. मॅनेजर म्हणेल हा माणूस त्या वेळी इथं काय करत होता आम्हाला माहीत नाही. आमच्या लाईनमध्ये एकाचं असंच झालं, जास्त लिहीत नाही.

फेज_न्यूट्रल
हे वाचून थोडा वेळ मोबाईल खालीच ठेवला.

तुम्हाला सांगतो रात्रीचं काम काय असते. दीड-दोन वाजता रेच्याच्या मोटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटतो. पोरगं धावत येते, दादा अर्धी लाईन बंद. दुपट्टा तोंडाला बांधून जायचं, पॅनलचं दार उघडायच्या आधी वरून खालून ब्लोअर मारायचा कारण दाराच्या फटीतून रुई आत गेलेली असते, बोटभर थर, आणि तिथं एक ठिणगी पडली की पहिलं पॅनल पेटते आणि मग बाजूची गंजी. मेन पाडून काम करायचं असते. पण मेन पाडलं की सगळे रेचे थांबतात आणि मॅनेजर मागं उभा राहून घड्याळ पाहते. तर काही वेळा मेन न पाडताच होते ते काम. हजेरीच्या कार्डावर तेव्हा मी आऊट झालेलो असतो.

वणी_कोळसा
मेन पाडत जा रे बाबा. रेचे थांबले तर मालकाचे थांबले.

वऱ्हाडी_माय
मी एवढ्या दिवसांची वाचूनच रायली, आज लिहिते. आमचे हे गाडीवर ड्रायव्हर आहेत, डबल ड्युटी करतात. सुट्टी भेटली की माणूस आराम करते असं तुम्हाला वाटते का? सुट्टीच्या दिवशी पंप पाठीवर आणि फवारणी. संध्याकाळी येतात ते ड्युटीपेक्षा जास्त थकून. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, पैसे घ्या. हिशोबनीस भाऊंच्या हिशोबानं आठ तासांचे दुप्पट म्हणजे १,२०० होतात. आमच्या गावात गडीमाणूस ४००-५०० घेते. दोन माणसं वावरात लावा, उरलेल्याचं पोराला काही आणा, आणि तुम्ही एक दिवस घरी झोपा.

धुऱ्यावरचा
वयनी बराबर बोलल्या पण एक गोठ हाय. मिरगाचा पाऊस पडला की अख्खं गाव त्याच दोन दिवसात पेरते. तवा पैसे असून मजूर भेटत नाई, तिफनवाला भेटत नाई, ट्रॅक्टरवाला त फोनच उचलत नाई. मागच्या साली मी बुढ्याले अन् बायकोले घेऊन पेरलं, मजूर शेजारच्यानं पयलेच पळवले व्हते. त्या दिवशीची सुट्टी लाख मोलाची. पण पाऊस काई मॅनेजरले इचारून येत नाई. म्हनून फेज भाऊ, सुट्टी घ्यायची त दिवस आपन ठरवू असं पक्कं करून घे. मॅनेजरनं ठरवलेल्या दिवशी घरी बसून काय करशीन, पऱ्हाटी मोजशीन?

डाळमिल_शेठ
पाऊस पडल्या पडल्या सगळी माणसं एकाच दिवशी सुट्टीवर गेली तर आम्ही काय करायचं तेही सांगा.

धुऱ्यावरचा
शेठ तुमी बी या पेराले. जूनात कोनती तूर येते मिलमदी?

हिशोबनीस
दोन-तीन दिवस कामात होतो. परत पहिला प्रतिसाद वाचला आणि दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, जूनची. बदली सुट्टी त्या महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते. डिसेंबरात रविवार बुडाला तर फेब्रुवारीअखेर, जानेवारीतला असला तर मार्चअखेर. म्हणजे सीझनमध्ये जमा झालेली सुट्टी पेरणीपर्यंत कायद्यानं पोचतच नाही. ओढत नेली तर ती हक्काची राहत नाही, मॅनेजरच्या मर्जीची होते. मर्जीनं चालवायचं तर चालवा पण तसं लेखी घ्या.

दुसरी गोष्ट मोठी. फेज भाऊ, तुम्ही बारमाही आहात तर जूनचे खाडे बिनपगारी कसे? जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ७९ होतं, वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांना एक पगारी रजा. नव्या कोडात २४० चे १८० झाले, बाकी दर २० ला एक तसंच. बारमाही माणसाच्या सहज दहा-बारा रजा तरी होतातच, वापरल्या नाहीत तर ३० पर्यंत पुढच्या वर्षी ओढता येतात. पेरणीच्या सुट्ट्या तुमच्या आधीच्याच आहेत. त्याच सुट्ट्या परत मिळवायला तुम्ही रात्रीचे चार चार तास मोजून देणार आहात.

जुना_जिनवाला
घ्या. आता बोला.

वऱ्हाडी_माय
बाई गं.

फेज_न्यूट्रल
मंडळी, उशिरा लिहितो आहे, सीझन जोरात आहे. फिटर आणि मी मिळून मॅनेजरला भेटलो. दुप्पट म्हटल्यावर तो हसला, म्हणे या पट्ट्यात कोण देते दाखवा. फिटरनं तिमाहीच्या तासांचं काढलं तेव्हा हसणं बंद झालं आणि मालकाशी बोलतो म्हणाला. पोळ्याचा बैल पाहावा तसं आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहत होता.

मग मालकाचा निरोप आला. बुडालेल्या रविवारच्या बदल्यात पुढच्या महिन्याच्या आत सुट्टी, हे मान्य. वरच्या चार तासांचे पैसे, पण दीडपट. दुप्पट नाही म्हणजे नाही. रात्रीच्या कामाची नोंद कार्डावर होईल, हे मी अडून घेतलं, आणि दुसरी वही माझ्याजवळ, शेठच्या पद्धतीनं. मालक हे कितपत पाळतो ते पाहू. फिटर म्हणतो दुप्पटीसाठी कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज टाकू, मी म्हटलं सीझन होऊ दे, तो म्हणतो तू नेहमी असंच म्हणतोस. इथंपर्यंत आलं आहे.

पगारी रजेचं विचारलं तर मॅनेजर म्हणे ते आपल्याकडं नसते.

हिशोबनीस
नसते म्हणजे? लेखी अर्ज द्या, आजच्या तारखेनं, मागच्या वर्षीच्या शिल्लक रजेची मागणी. दुप्पटमधला जो फरक राहिला त्याची पण नोंद ठेवत जा, वेतन कोडात दावा करायला तीन वर्षं आहेत, आजच भांडायची घाई नाही. पण तोवर वही भरलेली पाहिजे.

सिस्टर_ग्रामीण
आणि सुट्टीवर गेल्यावर तुमच्या जागी कोण, ते विचारलं का?

फेज_न्यूट्रल
विचारलं. म्हणे फिटर पाहील. फिटर म्हणे मी करंटला हात लावत नाही.

जुना_जिनवाला
अर्ज दे पण पोच घे. नाहीतर उद्या म्हणतीन कोणता अर्ज. अन् रेच्यावरच्या बायाईचं इचारलं का नाही अजून?

फेज_न्यूट्रल
मुकादमाजवळ विषय काढला होता. तो म्हणाला तू तुझी वायर पाहा. दोघीतिघी मात्र विचारायला आल्या की दादा तुमच्या वहीत आमचं लिहिता का. लिहून राहिलो आहे, नाव आणि तास, दुसऱ्या पानापासून.

हिशोबनीस
तारीख टाकत जा. आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्या, त्या दिवशीच्या त्या दिवशी.